पोलादपूरच्या डोंगरवाटा मोडायच्या आत

महाड-पोलादपूरकरांनो, मुंबई-पुण्याला पोटापाण्यासाठी गेलेल्या चाकरमान्यांनो, आणि दर शनिवारी रात्रीच्या गाडीने सह्याद्री गाठणाऱ्या ट्रेकर मंडळींनो,

या हिवाळ्यात एक काम उरकायचं आहे. त्यासाठी हातात असलेले दिवस मोजकेच आहेत. गवत वाळलं, ओढे उतरले, की मार्गशीर्ष ते माघ एवढेच महिने आपल्या डोंगरात वाट दिसते. फाल्गुनात वणवे पेटतात, चैत्र-वैशाखात पाणी आटतं, आणि मग मृग लागला की चार महिने त्या बाजूला फिरकायचं नसतं. या अडीच-तीन महिन्यांत आपापल्या गावाच्या जुन्या पायवाटा चालून, साफ करून, कागदावर आणायच्या आहेत. 26 जानेवारीला गावोगाव ग्रामसभा भरेल. त्या सभेपुढे वाटांची यादी गेली पाहिजे. पुढच्या वर्षी करू म्हणाल, तर वाट सांगणारं माणूस पुढच्या वर्षी असेलच याची खात्री नाही.

घाई कशासाठी ते ढवळे घाटावरून कळेल. पोलादपूरहून उमरठमार्गे ढवळेला गाडीरस्ता जातो आणि तिथे संपतो. पुढे चंद्रगड, म्हसोबाची खिंड, जोरचं पाणी, बहिरीची घुमटी, गाढवाचा माळ असं करत वाट थेट महाबळेश्वरच्या मढीमहालाखाली निघते. मढीमहाल म्हणजे पर्यटकांचा आर्थरसीट. चांगल्या चालणाऱ्याचाही अख्खा दिवस या वाटेत जातो. ही नावं कुणी ट्रेकरने ठेवलेली नाहीत. जिथे पाणी मिळतं, जिथे ओझं उतरवायचं, जिथे देवाला हात जोडून पुढे व्हायचं, तिथे नाव पडलं. पिढ्यान्‌पिढ्या माणसं डोक्यावर ओझी घेऊन ही वाट चढली आणि उतरली. घाटावरच्या मुली कोकणात आणि कोकणातल्या घाटावर नांदायला गेल्या त्या असल्याच वाटांनी. आज एखाद्या वाडीतल्या तरुणाला जोरचं पाणी कुठे म्हणून विचारलं, तर तो आजोबांना विचारून सांगतो म्हणतो. आजोबा घरात असले तर ठीक.

मढीमहालावर मात्र गर्दी असते. मुंबईहून गाडी थेट वर जाते, कठड्याला टेकून फोटो होतो, मक्याचं कणीस होतं, गाडी परत फिरते. एका अंगाला जोरचं खोरं, ब्रह्मारण्य. दुसऱ्या अंगाला सावित्रीची दरी, आणि हवा स्वच्छ असली तर प्रतापगड, रायगड, तोरणा, कांगोरी. खाली दिसणारा तो हिरवा खड्डा म्हणजे आपला पोलादपूर तालुका. त्यात गावं आहेत, त्या गावांतून वर यायला वाट आहे, हे त्या कठड्यावरच्या शंभरातल्या पाचांनाही माहीत नसतं. आर्थर मॅलेट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याच्या नावाने हे ठिकाण ओळखलं जातं. त्याची बायको आणि मूल याच सावित्रीच्या पाण्यात बुडून गेले. एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, लॉडविक, केट्स ही सगळी मंडळी अजून पाट्यांवर शाबूत आहेत, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण बहिरीच्या घुमटीची साधी पाटीही कुठे नसावी, हे लाजिरवाणं आहे.

आता आपल्या तालुक्यात चालण्यासारखं काय आहे, हे पोलादपूरकरांनाच सांगायची वेळ आली आहे, तर सांगतो. चंद्रगडाच्या माथ्यावर उघड्यावर शिवपिंडी आणि नंदी आहे, पलीकडच्या टोकाला पाण्याची टाकी आहेत. 1656 साली शिवरायांनी मोऱ्यांची जावळी घेतली, तेव्हा हा मुलूख स्वराज्यात आला. कांगोरीचा मंगळगड झाला आणि रायरीचा पुढे रायगड. कांगोरीवर कांगोरीनाथाचं देऊळ आहे. 1817 च्या इंग्रज-मराठा युद्धात पकडलेल्या हंटर आणि मॉरिसन या दोन इंग्रज अधिकाऱ्यांना आधी याच गडावर ठेवलं होतं, मग वासोट्याला हलवलं. उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी. फेब्रुवारी 1670 मध्ये सिंहगडावर तानाजी पडले, त्यांचं पार्थिव मढेघाटाने उतरवून इथे आणलं असं पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. पोलादपुरात ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदांची समाधी आहे, एसटी स्टँडवर उतरणाऱ्या किती जणांची पावलं तिकडे वळतात? कुडपणची भीमाची काठी, पारघाट, कोतवालच्या वरचे कडे... यादी थांबवतो. कोकणातून प्रतापगडावर जाणारा जवळजवळ प्रत्येक जण पोलादपूरवरून जातो आणि इथे फक्त मिसळ खायला थांबतो.

वाटा मोडतात कशाने? पहिलं कारण साधं आहे: रस्ते झाले, एसटी आली, हातात मोटारसायकल आली. ओझं घेऊन घाट चढायची वेळ कुणावर येऊ नये, त्यामुळे याबद्दल हळहळ करणारे आम्ही नाही. दुसरं, गाव रिकामं झालं. घरटी माणूस मुंबईला, शेतं पडीक, गुरं नाहीत. गुरं नसली की डोंगराची वाट दोन पावसांत कारवीखाली जाते. तिसरं, दरडी. जुलै 2021 मध्ये महाबळेश्वरला 24 तासांत जवळजवळ 600 मिलिमीटर पाऊस झाला. तळियेची अख्खी वाडी गेली, ऐंशीहून अधिक माणसं गेली. आपल्या तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडीत माणसं गेली. आंबेनळी घाट ठिकठिकाणी तुटला. त्या रात्री डोंगराच्या कित्येक पदरांवरून वाटाही वाहून गेल्या. त्या कुणी मोजल्या नाहीत, कारण त्या कुठे लिहिलेल्याच नव्हत्या. आणि मोठा रस्ता बंद पडला की गावाला शेजारच्या गावाशी जोडणारी पायवाटच उरते, हे त्या आठवड्यात ज्याने भोगलं त्याला वेगळं सांगायला नको.

चौथं कारण नवं आहे आणि सगळ्यात वेगाने काम करतंय. महामार्ग चौपदरी होतोय, कशेडीचा बोगदा झाला, मुंबई जवळ आली. डोंगराच्या कुशीतल्या जमिनींना भाव आला. विकणारा मुंबईत, घेणारा मुंबईत, व्यवहार पोलादपुरात. जेसीबी येतो, सपाटीकरण होतं, चहूबाजूंनी तारेचं कुंपण पडतं, आणि वर कुरणाकडे, देवाकडे, पाण्याकडे जाणारी वाट त्या कुंपणात सापडते. नव्या मालकाचा बहुतेक वेळा वाईट हेतू नसतो. त्याला दाखवलेल्या सात-बाऱ्यावर वाट नसते, तेव्हा त्याच्या लेखी ती नसतेच. गावातले दोघे-तिघे कुरकुरतात, लांबून वळसा घालून जाऊ लागतात, वर्षभरात वळशाचीच सवय होते.

इथे कायद्याची एक मुदत लक्षात ठेवा. शेताकडे किंवा कुरणाकडे जाणारी वहिवाटीची वाट कुणी अडवली, तर 1906 च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या कलम 5 खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते. तहसीलदार अडथळा काढायचा हुकूम करू शकतात. पण अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज गेला पाहिजे. होळीला कुंपण पडलं आणि गणपतीला आलेल्या चाकरमान्याने दिवाळीत अर्ज करायचं ठरवलं, तर मुदत गेलेली असते. त्यानंतर दिवाणी कोर्टाचा लांबचा रस्ता आहे. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यानुसार वीस वर्षं बिनहरकत, उघड, हक्काने वाट वापरली हे तिथे शाबीत करावं लागतं. वीस वर्षांची साक्ष कोण देणार? वयाने पंच्याहत्तरी गाठलेले तेच दोन-चार आजोबा. म्हणून म्हणतो, पुढचं वर्ष नको.

आणखी एक गोष्ट ट्रेकर मित्रांनी समजून घ्यावी. हा अर्ज तुमचा नाही. डोंगरावरून सूर्योदय बघायचा म्हणून वाट मोकळी करा, असं म्हणायची सोय आपल्या कायद्यात नाही. वाट जिवंत राहते ती ढवळेच्या शेतकऱ्याच्या गवताच्या भाऱ्यामुळे, धनगराच्या म्हशींमुळे, देवीच्या जत्रेमुळे. तुमचा ट्रेक त्या वहिवाटीवर उभा आहे. गावाचा हक्क टिकला तर तुमची वाट टिकेल, म्हणून गावाच्या बाजूने उभं राहणं हा तुमच्यासाठीही व्यवहाराचा मार्ग आहे.

आमच्यातल्या काहींची मुलं लंडन-मँचेस्टरला आहेत. शनिवार-रविवारी तिथल्या टेकड्यांवर चालायला जातात, हिरव्या कुरणातून गेलेल्या पायवाटेचे फोटो पाठवतात, कुंपणाला लाकडी पायऱ्या, फाट्यावर नाव लिहिलेला खांब. आपण ‘वा, काय सुंदर देश’ म्हणतो. देश सुंदर आहेच. पण ते कुरण एखाद्या शेतकऱ्याच्या मालकीचं असतं आणि वाट तरीही सार्वजनिक असते, हे फोटोत दिसत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये अशा सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर वाटा अधिकृत नकाशावर आहेत. शेतातल्या वाटेवर नांगर फिरवला तर मालकाने ठरावीक दिवसांत ती पूर्ववत करून द्यायची असते. हे त्यांना कुणी बसल्याजागी दिलं नाही. 24 एप्रिल 1932 रोजी मँचेस्टर आणि शेफील्डच्या कामगार वस्त्यांतले काहीशे लोक किंडर स्काउट नावाच्या पठारावर मुद्दाम घुसले. जमीन बड्या जमीनदारांची होती, शिकारीसाठी राखलेली. गिरणीत आठवडाभर राबणाऱ्याने रविवारी तिथे पाय ठेवायचा नाही असा नियम होता. पाच जणांना तुरुंगवास झाला. 1949 मध्ये कायदा आला आणि त्याने प्रत्येक जिल्ह्याला आपल्या हद्दीतल्या वाटांचा नकाशा करायला लावला. नकाशावर वाट आली की तिथे हक्काचा पुरावा तो नकाशाच.

मात्र सार्वजनिक हक्काचा धडा घ्यायला महाडच्या माणसाने इंग्लंडपर्यंत जायला नको. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करणारा 1923 चा बोले ठराव झाला, 1924 मध्ये महाड नगरपालिकेने तो मान्य केला, चवदार तळं कागदावर सर्वांना खुलं झालं. आणि प्रत्यक्षात अस्पृश्यांना तिथे ओंजळभर पाणी घेता येत नव्हतं. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकरांनी हजारोंसह ते पाणी पिऊन हक्क बजावला, आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला 17 मार्च 1937 उजाडला. माणूसपणाच्या त्या लढ्याच्या पंगतीत मी पायवाट बसवत नाही. पण त्यातली एक गोष्ट आपल्या कामाची आहे. तिथे कागद होता आणि वापर अडवलेला होता. आपल्या डोंगरात वापर होता आणि कागद कधी केलाच नाही. आता वापरही सुटत चालला आहे. दोन्ही गेले की मागायला काही उरत नाही.

तर काय करायचं?

गावात राहणाऱ्यांनी उपअधीक्षक भूमी अभिलेख कार्यालयातून आपल्या गावाच्या नकाशाची नक्कल काढावी. त्यात पायवाटा तुटक रेघांनी दाखवलेल्या असतात. पुष्कळांना वाटतं त्याहून जास्त वाटा त्यात निघतील. ज्या नकाशात नाहीत पण चालत्या आहेत, त्या म्हाताऱ्या माणसांना सोबत घेऊन चालाव्यात. त्यांना वर चढवत नसेल तर पायथ्याशी खुर्ची टाकून बसवा आणि हाताने दाखवू द्या. खिंड, पाणी, देव, मोठं झाड, विसाव्याचा दगड, सगळ्यांची नावं लिहून घ्या. जसं बोलतात तसंच लिहा, शुद्ध करायला जाऊ नका. शाळेतल्या पोरांना हे काम फार आवडतं. गुरुजींनी एक शनिवार दिला तरी वहीभर माहिती जमेल. जंगलातून जाणाऱ्या वाटांसाठी गावाचा सामूहिक वनहक्काचा दावा झाला असेल किंवा व्हायचा असेल, तर 2006 च्या वनहक्क कायद्याखालच्या त्या दाव्यात पारंपरिक वहिवाट म्हणून वाटांचा उल्लेख करा.

वाट साफ करताना वनखात्याच्या माणसाला आधी सांगा. कारवी आणि झुडूप बाजूला करायचं आहे, झाडाला कोयता लावायचा नाही. उतारावर वाटेत पाणी वाहत येत असेल तर आडवी दगडी चर काढून ते कडेला सोडा. इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमध्ये स्वयंसेवक वर्षभर हेच काम करत असतात, कारण तिथली वाट लाखो बुटांनी झिजते. आपल्याकडेही माणसांची रीघ लागली की तेच होणार आहे. हरिश्चंद्रगडाच्या आणि कळसूबाईच्या वाटा सुट्टीच्या दिवशी पाहिल्या असतील तर कळेल. आणि साफसफाईच्या नावाखाली आग लावू नका. वणव्यात गवत जळतं, पाखरांची अंडी जळतात, माती उघडी पडते आणि पुढच्या पावसात तीच माती खालच्या वाडीवर येते.

जमीन विकणाऱ्या चाकरमान्यांना हात जोडून एकच विनंती. विकू नका असं सांगायचा मला अधिकार नाही. मुलीचं लग्न असतं, मुंबईतल्या खोलीचा हप्ता असतो. पण खरेदीखत होण्याआधी त्या जमिनीतून जाणारी वाट दस्तात लिहून घ्या, सात-बाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात तिची नोंद होईल असं बघा. भाव त्याने पडत नाही. जे घेणारे आहेत, त्यांनी कुंपण जरूर घालावं, पण वाटेवर एक बेडं ठेवावं. दिवसातून दोन म्हातारे आणि चार म्हशी तुमच्या आवारातून गेल्याने फार्महाऊसची शोभा कमी होणार नाही, उलट रात्री-अपरात्री आजारी पडलात तर हाकेला धावून येणारी माणसं तीच आहेत.

ट्रेकर मंडळींनी डिसेंबर-जानेवारीत यावं, पंधरा-वीसच्या वर माणसं एका वेळी आणू नयेत, गावातला वाटाड्या घ्यावा आणि तो मागेल ते पैसे द्यावेत. पाचशे रुपयांसाठी घासाघीस करणारे गट सोळा हजारांचे बूट घालून येतात, हे गावाला दिसत असतं. जेवण गावात सांगा. नाचणीची भाकरी आणि पिठलं कुठेही मिळेल. मोबाइलमध्ये वाटेची नोंद होते, तिची एक प्रत नावानिशी ग्रामपंचायतीला द्या, ठरावाला ती जोडता येईल. कातळावर ऑइलपेंटने बाण आणि आपल्या ग्रुपचं नाव रंगवण्याची जी हौस आली आहे ती घरी ठेवून या. आग्या मोहोळ असलेल्या कड्याखाली विडी, धूर, अत्तर काही नको.

आणि पावसाळ्यात येऊ नका. हे मुद्दाम वेगळं सांगतो. जून ते सप्टेंबर घाटवाटा बंद समजा, दरडी निवेपर्यंत. 28 जुलै 2018 ला दापोलीच्या कृषी विद्यापीठातले कर्मचारी वर्षासहलीला महाबळेश्वरला निघाले होते. आंबेनळीत बस दरीत गेली, 30 जण गेले, एकच वाचला. जुलै 2024 मध्ये रायगडाच्या पायऱ्यांवरून लोंढा वाहताना माणसं कठड्याला धरून उभी होती. त्याच महिन्यात माणगावच्या कुंभे धबधब्यावर चित्रीकरण करताना एक तरुणी दरीत पडून गेली. प्रत्येक वेळी दोर बांधून खाली उतरतात ती आपल्याच भागातली पोरं, स्वतःचा जीव धोक्यात घालून. जिल्हाधिकारी बंदीचा हुकूम काढतात तेव्हा पळवाटा शोधू नका. धबधबा पुढच्या वर्षीही पडणार आहे.

सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी भाऊसाहेबांना सांगणं एवढंच, की या ठरावाने पंचायतीवर एका रुपयाचा बोजा पडत नाही. रस्ता मागत नाही, फरसबंदी मागत नाही, रेलिंग आणि ‘आय लव्ह’ची अक्षरं तर मुळीच मागत नाही. सेल्फी पॉइंटसाठी निधी आला तरी तो शाळेच्या छपराला लावा. फक्त लिहून ठेवा: अमुक वाट, अमुक ठिकाणापासून अमुक ठिकाणापर्यंत, अमुक कामासाठी गाव पूर्वापार वापरत आलं आहे.

ग्रामसभेचा विषय सभेच्या नोटिशीत यायला हवा, म्हणून अर्ज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पंचायतीत द्या. विषय एका ओळीचा: ‘गावातील पूर्वापार वहिवाटीच्या पायवाटांची यादी मंजूर करून नोंद घेणेबाबत.’ खाली यादी, ज्येष्ठांच्या सह्या किंवा अंगठे, गावनकाशाची नक्कल. सभेला स्वतः हजर राहा, बायकांनी तर नक्की राहा, कारण पाण्याच्या आणि सरपणाच्या वाटा त्यांच्याइतक्या कुणाला ठाऊक नाहीत. ठराव झाला की त्याची प्रत तहसीलदार आणि उपअधीक्षक भूमी अभिलेख या दोघांना पाठवा, आणि दोन्हीकडून शिक्क्यानिशी पोच घ्या.